काठोकाठ भरलेली पळी

६ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,

मामाचा आशीर्वाद, आणि त्याच्या पाठोपाठ एक तक्रार. आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, पुढे पत्रात तो सापडणार नाही.

तुझं यंत्र बसून आज बरोबर एकवीस दिवस झाले. तू आलीस, चार दिवस राहिलीस, स्क्रीन चालू करून दिलीस आणि गेलीस. तेव्हापासून दर दहा मिनिटांनी एक आकडा उमटतो आणि मोठे साहेब दिवसातून सहा वेळा येऊन त्याच्यापुढे असे उभे राहतात, जणू आरसाच आहे.

तुला ठाऊक आहे तरी सगळं पहिल्यापासून लिहितो. कागदावर नीट मांडलं की भांडणही नीट होतं. मिलमध्ये दळलेला दगड पाण्याबरोबर फेसाच्या टाक्यांत जातो. फेसाला चिकटून तांबं वर येतं. उरलेलं गढूळ पाणी टेलिंग म्हणून पन्हळीतून बाहेर पडतं आणि तळ्यात जातं. त्या टेलिंगमध्ये किती तांबं वाया गेलं, हे सांगणं माझं काम. अठरा वर्षं तेच करतो आहे. पन्हळीच्या टोकाला धार जिथे खाली कोसळते तिथे दर अर्ध्या तासाला मी, नाहीतर माझ्या सेक्शनच्या चौघींपैकी एक, पळी घेऊन उभी राहते. पळी म्हणजे लांब दांड्याचा पत्र्याचा डबा, तोंडाला बारा मिलिमीटरची फट, मी स्वतः कापलेली. धारेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एका चालीत न्यायची. दोन सेकंद. मध्ये थबकायचं नाही, घाई करायची नाही.

तर एकवीस दिवसांची सरासरी अशी: पळीचा आकडा ०.३१ टक्के. तुझ्या यंत्राचा ०.२२.

साहेबांना ०.२२ गोड लागतो. तांबं कमी वाया जातंय म्हटल्यावर ते मिलमध्ये आणखी दगड लोटणार, दळण जाडं होणार, आणि तांबं कुणाला पत्ता न लागता तळ्यात जाऊन बसणार. त्यासाठी त्यांना फक्त माझी सही हवी आहे. स्वीकृतीच्या तक्त्यात एक रकाना हाताचा, एक यंत्राचा, खाली छापलेलं वाक्य: 'दोन्ही आकडे जुळतात.' त्याखाली माझी सही झाल्याशिवाय यंत्र पास होत नाही. मुदत ३१ मार्च.

साहेब म्हणाले, "नमुने, जरा जुळवून घ्या की."

नमुने हे माझं आडनाव नाही, हे अठरा वर्षांत त्यांना कळलेलं नाही. सॅम्पलवाला म्हणून प्लँटने ठेवलेलं नाव ते. तू लहानपणी म्हणायचीस, "मामा, तुम्ही म्हणजे खरंच एक नमुना आहात," ते वेगळं. मी म्हटलं, "साहेब, जुळवून घ्यायला हे काय सासू-सुनेचं भांडण आहे?"

मी सही करणार नाही. तुझं यंत्र आहे म्हणून दहा वेळा विचार केला, आणि दहाही वेळा हेच उत्तर आलं.

फोन करू नकोस. फोन साहेबांच्या टेबलावर असतो आणि त्या टेबलापाशी मला खुर्ची नसते.

तुझा मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. तुमच्या पत्राआधी तुमची कीर्ती पोचली. मोठ्या साहेबांनी आमच्या प्रमुखांना फोन केला, प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या यंत्राला कोणीतरी म्हातारा आडवा आलाय म्हणे." मी म्हटलं, "म्हातारा नाही, बावन्न वर्षांचा आहे, आणि माझा सख्खा मामा आहे." मग पाच मिनिटं ते फाईल चाळत बसले.

आता भांडण. यंत्र बसवण्याआधी तुम्हीच पाठवलेल्या नमुन्यांच्या चौसष्ट पुड्या मी त्याला दाखवल्या होत्या. प्रयोगशाळेचा आकडा आणि यंत्राचा आकडा दुसऱ्या दशांशापर्यंत जुळला. यंत्रातल्या क्ष-किरणांना झोप येत नाही, त्यांची पाठ दुखत नाही. यंत्राकडे टेलिंगचा लगदा नेणारा पाइप तुमच्याच धारेखालच्या पेटीतून निघतो. ते चित्र मी स्वतः काढलंय, तीन वेळा तपासलंय. म्हणजे तुम्ही जे घेता तेच ते घेतं.

मग फरक कुठून? तुम्ही चिडाल, तरी लिहिते. चोवीस तासांत अठ्ठेचाळीस वेळा पळी फिरते. पाच माणसं, पाच हात. हात थकतो, मामा. दोन सेकंदांचे तीन होतात, कुणी धारेच्या मध्येच पळी काढून घेतं. तुमचा हात नसेल थकत. पण चौघींचा?

आणखी एक. हे माझं पहिलं स्वतंत्र काम आहे. तक्ता मुदतीत पास झाला नाही तर माझी नोकरी पक्की होणं लांबेल. दडपण आणायला लिहीत नाही. सगळं कागदावर मांडावं असं तुम्हीच म्हणता, म्हणून मांडलं.

मामीला सांगा, तिने दिलेली शाल इथे फार कामाला आली. प्रयोगशाळा यंत्रांसाठी थंड ठेवतात, माणसांचा विचार कुणी करत नाही.

तुमची भाची

१९ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,

हात थकण्याबद्दल जे लिहिलंस त्याचं उत्तर सवडीने देईन, म्हणजे बहुधा कधीच नाही. तुझं पत्र मी थोरलीला वाचून दाखवलं. चौघींतली ती सगळ्यात जुनी, तुला आठवत असेल. ती म्हणाली, "ताईंना म्हणावं, या एकदा आणि माझ्याशी पंजा लढवा."

पत्र आलं त्याच सकाळी मी टेप, बॅटरी आणि तुझ्या चित्राची प्रत घेऊन पन्हळीखाली शिरलो. तिथे सरपटतच जावं लागतं. तुझ्या चित्रात धारेखाली पेटी आहे. प्रत्यक्षात तिथे लोखंडी खांब आहे. खांब तुझ्या चित्रात नाही. जागेवर मात्र आहे, माझं डोकं आपटलं म्हणून खात्रीने सांगतो. पेटी बसेना, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी काय केलं असेल? पन्हळीच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडलं आणि पाइप तिथे जोडून मोकळे झाले. वरून फळ्या टाकल्या. भोक तळापासून बावीस सेंटिमीटर वर आहे. पन्हळीतलं पाणी चौतीस सेंटिमीटर खोल.

आता विचार कर. जाडा खडा तळाशी घरंगळत जातो. बारीक भुकटी वर तरंगत जाते. तुझा पाइप वरच्या वर पितो. त्यात जाड्या खड्यातच तांबं जास्त, कारण तो नीट दळला गेलेला नाही, तांबं त्याच्या पोटातच राहिलं आणि फेसाला सापडलं नाही. म्हणजे वाया गेलेल्या तांब्याचा मोठा भाग तुझ्या यंत्राला भेटतच नाही.

नुसतं बोलत नाही, चाळूनही बघितलं. शंभर नंबरची चाळणी. यंत्राच्या पाइपातून तीन दिवस माल घेतला, वाळवला, चाळला. शंभर भागांत सात भाग चाळणीवर राहिले. माझ्या पळीच्या मालातले चोवीस.

सात आणि चोवीस! तुझं यंत्र खोटं बोलत नाही, पोरी. त्याला जेवढं दाखवलं तेवढंच ते सांगतं. बंद खिडकीशी बसवून त्याला रस्त्याचं वर्णन करायला लावलंय.

मी आठवीत शाळा सोडली. हे सगळं मी लायब्ररीतल्या दोन जाड पुस्तकांतून शिकलो, शब्दकोश शेजारी ठेवून, एकेक पान दोन-दोन दिवस घासून. त्यामुळे कुणी 'हात थकतो' म्हटलं की जरा लागतं. तुझ्या मामीला शालीचा निरोप दिला. ती खूश. मी नाही.

मामा

२६ फेब्रुवारी

ती. मामा,

खांब खरा आहे. ठेकेदाराला विचारलं, त्याने कबूल केलं, वर म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघून गेलात ना?" मी बघून गेले होते. फळ्या दिसल्या, त्या उचलायला वाकले नाही. ही माझी चूक आहे आणि ती कुठलंही कारण न जोडता लिहिते.

थोरलीबाईंना सांगा, पंजा नको, हरले.

प्रमुखांना लगेच सांगितलं. ते म्हणाले, "आधी पास होऊ दे, मग पाइप हलवू." मी म्हटलं, आधी हलवू. ते म्हणाले, बघू. इथे 'बघू'चा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको.

एक-दोन गोष्टी हव्या आहेत, कामापुरत्या. मिलचे लोक फेसाच्या टाक्यांत जाणारा माल रोज चाळतात, त्यात शंभर नंबरच्या चाळणीवर किती राहतं? आणि तुमची पळी धारेतून बाहेर येते तेव्हा किती भरलेली असते?

भाची

२ मार्च

चि. भाचीबाईंस,

चूक कबूल केलीस, आवडलं. आमच्या बहिणीची मुलगी शोभतेस. बहिणीने स्वतः कधी केली नाही, तो भाग वेगळा.

मिलचा आकडा सतरा. कधी साडेसोळा, कधी साडेसतरा. दोन वर्षं त्याच्या बाहेर गेलेला नाही.

पळी काठोकाठ भरते. दुसरी मिल लागली तेव्हापासून धार दुप्पट झाली आहे, तेव्हा आता तर ओसंडते. कडेपर्यंत जायच्या आतच भरते आणि पुढे नुसती वाहत राहते. कामचुकारपणाचा संशय असेल तर मनातून काढून टाक. परवा साहेबांनीही तोच सूर लावला होता, "अर्धी पळी घेऊन पळ काढता की काय?" थोरलीने ऐकवलं, "साहेब, आमची पळी सांडेपर्यंत भरते. तुमचं यंत्रच थेंब थेंब पितं."

साहेबांनी काल पुन्हा तक्ता पुढे केला. म्हणाले, "तुमची भाची आहे ना हो ती? तिचं तरी बघा." मी म्हटलं, "तिचंच बघतोय." ते म्हणाले, "नुसती सही तर करायची आहे." मी म्हटलं, "अंगठा असता तर लगेच दिला असता. सही वाचून करायची असते."

इथे सगळं ठीक.

मामा

८ मार्च

ती. मामा,

हे पत्र बसून वाचा. चहा झाल्यावर वाचा.

टाक्यांत जाणाऱ्या मालात सतरा भाग जाडे. फेस म्हणून वर निघून जातो तो माल अगदी थोडा, बाकी जवळजवळ सगळा टेलिंगमध्ये येतो. टाक्यांत दगड थोडाही जाडा होत नाही. मग टेलिंगमध्ये सतराच्या आसपासच निघायला हवेत. माझ्या पाइपात सात निघतात, म्हणजे मी जाडा माल गमावते. पण तुमच्या पळीत चोवीस निघतात. वरचे सात कुठून आले?

मी पळीचं गणित मांडलं. धारेची रुंदी साठ सेंटिमीटर, फट बारा मिलिमीटर, दोन सेकंद. एक मिल होती तेव्हा एका फेरीत पावणेतीन लिटर येत असे. पळी चार लिटरची. उत्तम. दुसरी मिल लागल्यापासून साडेपाच येतं. पळी चार लिटरचीच आहे. दीड लिटर पळीच्या तोंडावरून परत बाहेर पडतं, आणि बाहेर पडतं ते पाणी आणि बारीक भुकटी. जाडं असतं ते जड, ते आत तळाशी बसून राहतं.

पळी ओसंडते म्हणूनच ती चुकते, मामा. चौघींचा हात बरोबर आहे. तुमचाही. पळी लहान पडली.

दोन्ही आकडे घेऊन सतराला किती येईल ते काढलं. ०.२७ येतं. ना तुमचं, ना माझं.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर प्रमुख तासाभरात तुमचा रकाना खोडतील, आणि पाइप आहे तिथेच ठेवून माझं यंत्र पास होईल, माझी नोकरी पक्की होईल. नाही सांगितलं, तर मी जे तुमच्याकडून शिकले त्यातलं काहीच शिकले नाही. मला काही सुचत नाही. काय करू ते तुम्ही सांगा.

भाची

१९ मार्च

लाडके,

मी मामी. अक्षर बघून ओळखलं असशीलच. हे घरात नाहीत तोवर लिहून टाकते.

तुझं पत्र आलं तेव्हापासून ह्यांनी कागदाला हात लावलेला नाही, आणि तुला वाटत असेल मामा रागावला. रागावले असते तर बरं झालं असतं गं. ह्यांना राग आला की हे माळा आवरतात, निदान घर तरी साफ होतं. ह्या वेळी माळ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. संध्याकाळी जुनी पळी घरी घेऊन आले. मोरीत बसून मापाने पाणी ओतलं, चार मापं. पाचवं ओतलं ते सगळं बाहेर. मी म्हटलं, "काय झालं?" म्हणाले, "दोन वर्षं." बस, एवढंच. जेवताना पुन्हा म्हणाले, "पोरगी बरोबर आहे." तेही मला नाही, भाताला सांगितलं.

आता मला सांगायचं नाही असं बजावलेलं आहे ते सांगते. सही करत नाहीत म्हणून त्यांना दहा तारखेपासून पन्हळीवरच्या गॅलरीतून काढून गेटवरच्या वजनकाट्यावर बसवलंय. ट्रक येतो, काट्यावर उभा राहतो, हे आकडा लिहितात, ट्रक जातो. अठरा वर्षं पळी धरलेल्या माणसाला! "भाचीला कळवायचं नाही, ती आपल्यामुळे म्हणून रडत बसेल," म्हणाले. तू रडू नकोस, मी तुझ्या वाटचं रडून घेतलंय.

आणि माझा तेलाचा मोठा डबा गेला. भरलेला होता. तेल तीन पातेल्यांत आणि एका बादलीत ओतून ठेवलंय, स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. डबा माझ्याच कात्रीने कापला, त्याची नवी पळी केली. फट तेवढीच, पोट दुप्पट, आठ लिटर मावतं. फुटपट्टी लावून फट किती वेळा मोजली त्याला गणती नाही. मी म्हटलं, "तुम्हाला तर तिथे आत जाऊ देत नाहीत, मग ही कशाला?" म्हणाले, "मला देत नाहीत. पळीला कोण अडवतंय?" सकाळी थोरली डब्याच्या पिशवीतून घेऊन गेली.

कात्रीची धार गेली आहे. येताना चांगली कात्री आण.

मामी

२५ मार्च

चि. भाचीबाईंस,

तुझ्या मामीने तुला लिहिलं हे मला कळलंय. पोस्टात शिक्का मारणाऱ्याने विचारलं, "मामींचं पत्र पोचलं का हो?" या घरात गुप्त असं काही राहत नाही.

नव्या पळीने सहा दिवस झाले. थोरली रोज संध्याकाळी गेटवरून जाताना चिठ्ठी देते. चाळणीवर सतरा. तांबं ०.२७. तुझं गणित बरोबर निघालं. हे वाक्य मी एकदाच लिहिणार आहे, तेव्हा पत्र जपून ठेव.

आधी मला वाटलं, पळीत चूक निघाली म्हणजे माझी बाजू गेली. दोन दिवस तेच डोक्यात. मग लक्षात आलं, माझी बाजू कधी पळीची नव्हतीच, ती होती पन्हळीत खरं काय वाहतंय त्याची. आणि ती अजून जागेवर आहे, पळी आणि यंत्र दोघांपैकी कुणाच्याही पाठीशी न उभी राहता.

आज अकरा वाजता मोठे साहेब जीपने गेटवर आले. तक्ता घेऊन. काट्यावर ट्रक उभा होता, त्याच्या मागे आणखी दोन. साहेब म्हणाले, "नमुने, आज संपवू या." मी पेन काढलं. त्यांचा चेहरा खुलला, स्वतः तक्ता पाटीवर धरला माझ्यापुढे.

मी यंत्राच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. मग हाताच्या रकान्यावर. 'दोन्ही आकडे जुळतात' हे छापील वाक्य खोडलं आणि खाली लिहिलं, 'दोन्ही आकडे चूक.' आणि त्याखाली सही केली. पूर्ण नावाने.

"अहो, हे काय केलंत? तुमचाही?"

"माझा आधी."

"अठरा वर्षांचं काम तुमचं, आणि स्वतःच्या हाताने—"

"सोळा बरोबर आहेत साहेब. दोन चूक आहेत."

मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवायला लागले. साहेबांनी विचारलं, "मग खरं काय आहे?" पहिल्यांदा विचारलं, बरं का, दोन महिन्यांत पहिल्यांदा! मी सांगितलं, ०.२७, आणि कसं ते सांगायला लागलो. साहेब मध्येच जीपमध्ये जाऊन बसले. तक्ता मात्र घेऊन गेले. जपून, दोन बोटांत धरून.

तू विचारलंस, काय करू. सांगून टाक. आधी माझी चूक सांग, मोठ्याने सांग, आडपडदा ठेवू नकोस. मग लगेच पाइपाची. एक लपवून दुसरी सांगितलीस तर दोन्ही खोट्या होतील. नोकरीचं मला कळत नाही. चाळणीचं कळतं, ते लिहिलं.

गेटवर वारा चांगला येतो. काळजी करू नकोस.

मामा

४ एप्रिल

ती. मामा,

सांगितलं. बैठकीत, सगळ्यांसमोर. तुमची पळी आधी, तुम्ही सांगितलंत तसं. प्रमुख लगेच म्हणाले, "म्हणजे हाताचा आकडा चुकीचा. विषय संपला." मी म्हटलं, "यंत्राचाही चुकीचा. विषय आत्ता सुरू झाला." आणि पाइपाचा फोटो, सात-सतरा-चोवीसचा कागद टेबलावर ठेवला.

ते म्हणाले, "तुम्ही तुमची सही करा, बाकीचं मी बघतो." माझीही सही लागते त्या तक्त्यावर, यंत्र बसवणारी म्हणून. मी नाही म्हटलं. तुमच्या रेघा मारलेला तक्ता त्यांच्याकडे पोचलेला होता. आकडे जुळल्याची एकही सही नाही म्हटल्यावर हातात नुसता कागद राहिला.

निकाल असा: माझी पक्की होण्याची मुदत एक वर्ष पुढे ढकलली. 'सहकार्याची वृत्ती कमी' असा शेरा. आणि खांबाला वळसा घालून धारेखाली आपोआप फिरणारा कटर, म्हणजे यंत्राची पळी, बसवायला मंजुरी. धारेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारा, पोट बारा लिटरचं. चित्र नव्याने काढलं. खांबासकट.

दहा तारखेला मी येते. फळ्या मी स्वतः उचलणार, पन्हळीखाली मी सरपटणार. तुम्ही गेटवर बसा आणि मला आत सोडा, तेवढा अधिकार अजून असेल तर.

मामीला सांगा, कात्री घेतली.

भाची

३० एप्रिल

चि. भाचीबाईंस,

तू गेल्यावर घर एकदम मोठं वाटायला लागलंय. मामी म्हणते, तुझ्या पाठीवरचा डाग तिच्या टॉवेलवरून काही निघत नाही. पन्हळीखालचं ग्रीस आहे ते, निघणार नाही, तिला सांगितलं.

कटरचे चौदा दिवस आज पुरे झाले. यंत्र ०.२७. थोरलीच्या हातची पळी ०.२७. चाळणीवर दोन्हीकडे सतरा. एवढं सरळ जुळलं की मी पुन्हा एकदा चाळून बघितलं.

सकाळी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. नवा तक्ता. या वेळी बसायला खुर्ची दिली, म्हणजे पुढे काहीतरी असणार हे कळलं. मी आकडे वाचले. बरोबर होते. सही केली. मग खाली 'शेरा' म्हणून दोन ओळींची जागा असते, तिथे लिहिलं: 'गेल्या दोन वर्षांतील टेलिंगचे हाताचे आकडे माझी पळी ओसंडत असल्यामुळे प्रत्यक्षापेक्षा जास्त आहेत. ते मी दुरुस्त करून देईन.'

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला. "हे खोडा."

"का?"

"वर गेलं तर दोन वर्षांच्या प्रत्येक अहवालावर प्रश्न येईल. तुम्हाला कोणी विचारलंय का दोन वर्षांचं?"

"कोणी विचारलं नाही, म्हणूनच लिहितोय."

"नमुने, नीट ऐका. शेरा नाही, तर उद्या सकाळी तुम्ही परत गॅलरीत. कटर तुमच्या ताब्यात, चौघी तुमच्या हाताखाली. शेरा राहिला, तर काटा."

मला गॅलरी हवी आहे. तुझ्यापाशी खोटं कशाला लिहू? तुझ्याबरोबर आत येऊन नवा कटर फिरताना बघितला ना, दोन सेकंदांत या कडेवरून त्या कडेवर, न थबकता, जन्मात एवढी सुंदर चाल मी बघितली नाही. साहेबांनी खोडरबर नाही, सरळ पांढऱ्या शाईची बाटली पुढे सरकवली.

मी बाटलीचं बूच घट्ट लावलं, नाहीतर शाई सुकते, आणि परत त्यांच्या बाजूला ठेवली. म्हटलं, "साहेब, मी सही केली आहे ती शेऱ्यासकट केली आहे. शेरा खोडायचा असेल तर सहीही खोडावी लागेल, आणि मग तुमचं यंत्र पुन्हा नापास." मी नमस्कार करून निघालो आणि वाटेत गॅलरीकडे न बघता गेटवर आलो.

दर महिन्याच्या मालाची एक एकत्र पुडी मी राखून ठेवत असे, कपाटात, तारीख घालून. दोन वर्षांच्या चोवीस पुड्या. थोरलीने आज दुपारी सगळ्या आणून दिल्या. प्रत्येक पुडी चाळायची, जाडं आणि बारीक वेगळं करायचं, दोन्हीतलं तांबं प्रयोगशाळेकडून काढून घ्यायचं आणि त्या महिन्याच्या मिलच्या चाळणीच्या आकड्याप्रमाणे पुन्हा जोडायचं. ट्रक आणि ट्रकच्या मध्ये वेळ भरपूर असतो.

संध्याकाळपर्यंत तीन पुड्या चाळून झाल्या. चौथी चाळत होतो तेव्हा काट्यावर ट्रक येऊन उभा राहिला. ड्रायव्हर खिडकीतून वाकून बघत म्हणाला, "काय मामा, इथे बसून पीठ चाळताय?"

म्हटलं, "पीठ नाही रे. चूक चाळतोय, माझी आहे. वजन झालं तुझं, गाडी पुढे घे."

मामा